अकरा महिन्यांचा कागद

आपल्या चळवळीत घरमालक या शब्दाला अजूनही एक विशिष्ट वास आहे. घरमालक म्हणजे चाळीचा मालक, पागडी घेणारा, नळ तोडणारा, भाडेकरूला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणारा. हे चित्र मुंबईतून आपल्यापर्यंत आले आणि त्या शहरापुरते ते खोटेही नव्हते. परंतु जयसिंगपूरसारख्या गावात आज जो घरमालक भेटतो तो बहुधा निराळा असतो. तो निवृत्त शिक्षक असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली तेव्हा त्याने राहत्या घरावर दोन खोल्या चढवलेल्या असतात. ती एखाद्या कामगाराची विधवा असते. पुढची खोली भाड्याने देऊन ती घर चालवते. किंवा तो शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक असतो. चार हंगामांच्या ऊसबिलांतून साठलेले पैसे त्याने गावाबाहेरच्या प्लॉटात घातलेले असतात. यांतले कित्येक आपले सहानुभूतीदार आहेत, काही तर नियमाने वर्गणी भरणारे सभासद आहेत. त्यांना शोषक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ‘मी करू तरी काय?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर कायदा वाचावा लागतो, हिशेब मांडावा लागतो आणि थोडे स्पष्ट बोलावेही लागते.

हा लेख म्हणून घरमालकांसाठी आहे. त्यात सांगायचे ते एवढेच की लहान घरमालक आणि त्याचा भाडेकरू यांच्या हितांत लोक मानतात तितके वैर नाही. दोघांचेही नुकसान करते ती भीती, आणि त्या भीतीपोटी चालणारा तोंडी किंवा अर्धवट कागदावरचा कारभार.

प्रथम गावाविषयी थोडे. जयसिंगपूर हे आपोआप फोफावलेले गाव नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत आखून वसवलेली ही व्यापारी पेठ आहे. काटकोनात छेदणारे रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या आखणीची साक्ष देतात. एकीकडे सांगली, दुसरीकडे इचलकरंजी. गावात बाजार समिती, दवाखाने, महाविद्यालय, अभियांत्रिकीचे शिक्षण. त्यामुळे बाहेरून येणारा विद्यार्थी, परिचारिका, बँकेतला कारकून, यंत्रमागावरचा किंवा बांधकामावरचा कामगार यांना येथे खोली हवीच असते. खोली हवी असणारे आहेत आणि खोली देऊ शकणारेही आहेत. तरी व्यवहार नीट होत नाही. का?

घरमालकाला विचारावे तर तो एकच वाक्य सांगतो : ‘एकदा आत शिरला की निघत नाही.’ ही भीती वेडगळ नाही, तिला इतिहास आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा हा युद्धोत्तर टंचाईतून जन्मलेला तात्पुरता कायदा होता. मुदतवाढ घेत घेत तो अर्धशतक जगला. भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवण्याचे त्याचे तत्त्व ज्या काळी आले त्या काळी आवश्यक होते. पण चाळीस-पन्नास वर्षांनंतरही तेच भाडे राहिले, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती खचल्या, आणि भाड्याच्या पावतीत जे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने काळ्या पैशात वसूल होऊ लागले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना मिळाला त्यांचे भले झाले, यात शंका नाही. परंतु ‘परवाना दिला तरी जागा जाते’ हा समज त्यानंतर मालकांच्या मनात जो बसला तो अद्याप निघालेला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

म्हणजे ज्या कायद्याची भीती बाळगून आजचा मालक वागतो तो कायदा जाऊन पंचवीस वर्षे उलटून गेली. भीती मात्र वारसाहक्काने बापाकडून मुलाकडे आली आहे.

या भीतीचे सर्वांत परिचित अपत्य म्हणजे अकरा महिन्यांचा कागद. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर टंकलिखित करार, खाली नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, आणि मालकाच्या मनात समाधान की आपण सुरक्षित झालो. अकराच महिने का, याचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून वर्षाच्या एक महिना अलीकडे थांबण्याची ही युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात ती युक्ती आता निरुपयोगी आहे. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा असो वा परवान्याचा, प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. त्यात महिन्यांची सूट नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ज्या कागदाला मालक आपली ढाल समजतो तो कागद वाद उपस्थित होताच समोरच्याच्या हाती जातो.

उलट बाजूने पाहावे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला असेल, आणि मुदत संपल्यावर परवानाधारक जागा सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. दिवाणी दाव्याची वर्षानुवर्षांची वाट धरावी लागत नाही. लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टींचा तो करारच निर्णायक पुरावा ठरतो, आणि मुदतीनंतरच्या ताब्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा मार्ग राहण्याच्या जागेपुरताच आहे. दुकान किंवा वखार देताना तो उपलब्ध नाही, हे व्यापारी पेठेतल्या मालकांनी विशेष लक्षात ठेवावे.

येथे आपला एखादा जुना कार्यकर्ता हरकत घेईल : परवानाधारकाला भाडेकरूचे संरक्षण नाही, मग समाजवादी विचाराच्या माणसाने त्याची शिफारस कशी करावी? हरकत योग्य आहे. परवानाधारक हा दुबळा पक्ष आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्याच्या हाती काहीच कागद नाही, ज्याला पावती मिळत नाही, ज्याची अनामत रक्कम केवळ मालकाच्या स्मरणावर अवलंबून आहे, तो त्याहून दुबळा आहे. आणि आपल्या गावांत आज खोल्यांतून राहणारे बहुसंख्य लोक तसे आहेत. त्यांना कायद्याच्या पुस्तकातले आदर्श संरक्षण दाखवून भागणार नाही. त्यांच्यासाठी मागायचे ते मुदतीचे स्थैर्य मागावे.

म्हणूनच मालकांना माझा पहिला सल्ला असा की अकरा महिन्यांचा करार सोडून द्या. तीन वर्षांचा करा. परवान्याच्या करारासाठी साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीला मुद्रांक शुल्काचा सवलतीचा दर आहे : एकूण भाडे आणि अनामत रकमेवर धरलेले दरसाल दहा टक्के व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये, खेड्यात पाचशे. ही फी मुदतीवर अवलंबून नाही. समजा, खोलीचे भाडे चार हजार, अनामत आठ हजार. तेहतीस महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क साडेतीनशे-चारशे रुपये होईल आणि फी एकदाच हजार. तेच तीन वेळा अकरा-अकरा महिने केले तर फीच तीन हजार होते, शिवाय दर खेपेला दलालाची दलाली, रंगकाम आणि खोली रिकामी राहिल्याने बुडालेले एखाद-दोन महिन्यांचे भाडे. करारातच दरसाल पाच टक्के वाढ लिहून ठेवावी. मग दर वर्षी घासाघीस नको आणि मन कलुषित होणे नको. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत कायद्यानेच दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली आहे. त्या मानाने पाच टक्के ही कोणालाच न टोचणारी वाढ आहे. भाडेकरूलाही तीन वर्षे मुलांची शाळा बदलावी लागत नाही. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा पुरतो. ‘कचेरीत कोण खेटे घालणार’ ही सबब त्यामुळे उरलेली नाही.

अनामत रकमेविषयी केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात राहण्याच्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. तो राज्यांपुढचा नमुना आहे, बंधन नव्हे. तरीही आपल्या माणसांनी ती मर्यादा आपण होऊन पाळायला काय हरकत आहे? सहा-सहा महिन्यांची अनामत मागणारा मालक खोली देतो की विद्यार्थ्याच्या बापाकडून बिनव्याजी कर्ज काढतो, हे समजत नाही. खोली देताना भिंती, खिडक्या, नळ, पंखे यांची स्थिती कागदावर लिहून दोघांनी सही करावी. असे केले की सोडताना ‘हे तूच मोडलेस’ हा तंटा होत नाही.

पावती द्यावीच. पावती देणे ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने ते बंधनकारक आहे. पुष्कळ मालक पावती देत नाहीत ते घरफाळा वाढेल किंवा प्राप्तिकर लागेल या धास्तीने. घरफाळ्याविषयी एवढेच म्हणेन की ज्या रस्त्यामुळे आणि ज्या पाण्यामुळे आपली खोली भाड्याने जाते त्यांचा खर्च नगरपालिकेने कोठून आणावा, याचा विचार आपल्या वाचकांनी तरी करावा. प्राप्तिकराची धास्ती बहुतेकांच्या बाबतीत अज्ञानातून येते. भाड्यातून भरलेला घरफाळा वजा केल्यावर उरेल त्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची पावती न दाखवता. दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवेला यानंतर बहुधा कर लागणारच नाही. उजळ माथ्याने पावती देण्यास तिला काहीही अडचण नाही.

आणि काहीही झाले तरी पाणी किंवा वीज तोडू नये. भाडे थकले असले तरी नाही. कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय आवश्यक सोयी तोडणे हा अपराध आहे, आणि ज्या मालकाची बाजू शंभर टक्के न्याय्य होती त्याची बाजू या एका कृत्याने न्यायालयात लंगडी होते. विजेच्या पोटमीटरवर प्रत्यक्ष बिलाहून दीडपट दर लावून पोराटोरांकडून पैसे काढणे हाही त्याच जातीचा क्षुद्रपणा आहे.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. खोली कोणाला द्यायची? आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, गावावरूनही न झाला तर ‘तुमच्यात काय खातात’ असे विचारले जाते. नंतर खोली ‘कालच गेली’ असे उत्तर मिळते. हे प्रतिगाम्यांच्याच घरी घडते असे समजण्याचे कारण नाही. शाहू जयंतीच्या व्यासपीठावर बसणाऱ्यांच्या घरीही घडते. ज्यांच्या आखणीवर हे गाव उभे आहे त्या राजाने या प्रश्नाकडे कसे पाहिले होते? कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलांना राहायला जागा मिळत नाही, म्हणून त्यांचे शिक्षण खुंटते, हे शाहू महाराजांनी ओळखले. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची, १९०८ मध्ये मिस क्लार्क यांच्या नावाने अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे त्यांच्या पाठबळाने उभी राहिली. फी माफ करून शिक्षण पोहोचत नाही, त्याआधी डोक्यावर छप्पर लागते, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. जातवार वसतिगृहे ही त्या काळाची अपरिहार्यता होती. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या दलित किंवा मुसलमान मुलाला चार गल्ल्या फिरून नकार घ्यावा लागतो, याचे समर्थन कोणत्या अपरिहार्यतेने करणार? ही सचोटीची बाब आहेच, पण निव्वळ हिशेबाचीही आहे. भाडेकरूची पारख करायची तर त्याचा पगार, त्याचे महाविद्यालयाचे ओळखपत्र, आधीच्या मालकाचे मत यांवरून करावी. आडनाव कधी भाडे भरत नाही आणि थकवतही नाही.

राहिला प्रश्न गुंतवणुकीचा. हाती दहा-वीस लाख आले की ते जमिनीत घालावे, कारण ‘जमीन कधी बुडत नाही’, हे आपल्याकडचे ब्रह्मवाक्य आहे. ते तपासून पाहू. समजा, तीस लाखांची सदनिका घेतली आणि ती सात हजारांनी भाड्याने गेली. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे शेकडा २.८. घरफाळा, देखभाल आणि रिकामा महिना वजा जाता हाती उरते ते बँकेतल्या साध्या मुदत ठेवीपेक्षा कमी. याउलट राहत्या घरावर सहा लाख खर्चून दोन खोल्या चढवल्या आणि चार हजार भाडे आले तर शेकडा आठ पडतात, कारण जमिनीची किंमत नव्याने मोजावी लागलेली नाही. जो पैसा माणसाच्या राहण्याची सोय करतो तो बऱ्यापैकी परतावा देतो. जो पैसा केवळ जमिनीच्या भाववाढीवर पैज लावतो तो परतावा देत नाही, आशा देतो. अशा आशेचा एकत्रित परिणाम काय झाला पाहा : २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली, आणि त्याच सुमारास, २०१२ मध्ये, शासनाच्याच तज्ज्ञगटाने नागरी घरांची तूट एक कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले. १९६१ मध्ये नागरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याच्या घरात राहत, २०११ पर्यंत ते प्रमाण २८ टक्क्यांवर आले. घरे आहेत, पण ती राहण्यासाठी नाहीत. (नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला तेव्हा विकासकांनी आनंद मानला. त्याच कायद्याखालच्या जमिनीवर मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावला सामान्य माणसांची हजारो घरे उभी केली होती, याचे स्मरण किती जणांना आहे? असो.)

तरीही कोणास प्लॉट घ्यायचाच असेल तर निदान फसू नये. सातबारा आणि मिळकत पत्रिका स्वतः वाचावी; तीवरचा सत्ता प्रकार आणि सातबाऱ्यावरचा भोगवटादाराचा वर्ग पाहावा, कारण वर्ग दोनची जमीन शासनाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. रेखांकन मंजूर आहे का, बिगरशेतीचा आदेश आहे का, हे दलालाच्या तोंडून ऐकू नये, कागदावर पाहावे. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे साठेखतावर किंवा वटमुखत्यारपत्रावर विकण्याचा धंदा आपल्या भागात पुष्कळ चालला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. जुलै २०२१ मध्ये नोंदणी खात्याने अशा दस्तांना परिपत्रकाने अटकाव केला तेव्हा हजारोंचे पैसे अडकले. २०२५ मध्ये शासनाने नागरी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी वाट मोकळी करण्याचे पाऊल उचलले, पण दर वेळी शासन धावून येईल या भरवशावर व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला, तसेच विक्रीच्या प्लॉटांच्या रेखांकनालाही, महारेराची नोंदणी लागते आणि ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेचे ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. नोंदणी क्रमांक नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

शिरोळ तालुक्यात तर आणखी एक कागद पाहावा लागतो, तो पूररेषेचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावे पाण्यात बुडालेली आपण पाहिली. निळी रेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. सोळा वर्षांत तीनदा घरे सोडावी लागलेल्या माणसाला ही गणिते सांगताना संकोच वाटतो. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे, हे नदीला विचारावे. आणि पुराच्या दिवसांत उंचावरच्या गावात आसरा शोधत येणाऱ्यांना जो मालक दुप्पट भाडे सांगतो, त्याच्याकडून पक्षाची वर्गणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेठेतल्या जुन्या दुकानदार-भाडेकरूंचा प्रश्न निराळा व अवघड आहे. त्यांच्या ताब्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि असले पाहिजे. ठरलेले भाडे देणाऱ्याला निव्वळ जास्त भाड्याच्या आशेने काढता येत नाही. थकबाकीसाठीही नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेथे वकिलापेक्षा समोरासमोरची बैठक अधिक उपयोगी पडते, असा अनुभव आहे : कायदेशीर चार टक्क्यांची वाढ हिशेबाने मांडावी, दुरुस्तीची जबाबदारी मालकाने घ्यावी आणि झालेला समझोता लिहून नोंदवावा.

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की जून-जुलैत खोल्यांची शोधाशोध सुरू होते. त्या दोन महिन्यांत गावातल्या कार्यकर्त्यांनी रविवारी दोन तास बसून करारांचे मराठी मसुदे भरून देण्याचे काम सहज करता येईल. मुदत, भाडे, वाढ, अनामत, वीज-पाण्याचा आकार, सोडण्यापूर्वीची एक महिन्याची सूचना, सामानाची यादी : एवढा मजकूर दोन पानांत मावतो. नोंदणी झाली की एक प्रत मालकाकडे राहील. दुसरी भाडेकरूच्या हाती त्याच दिवशी द्यावी.